खराट्यानंतरचे गाडगेबाबा

उन्हाळा लागला की आपल्या वऱ्हाडात गावोगाव माणसे कुदळ-फावडी घेऊन बाहेर पडतात. कुठे तळ्यातला गाळ निघतो, कुठे नाल्यावर दगडी बांध पडतो, कुठे उघड्या टेकडीवर चर खणले जातात. अशा ठिकाणी मांडवाच्या खांबाला एक तसबीर हमखास लावलेली दिसते. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगे, हातात खराटा. नारळ फुटतो, तसबिरीला हार चढतो आणि कामाला सुरुवात होते.

ही तसबीर मी इतक्या वेळा पाहिली आहे, की अलीकडे मला एक प्रश्न पडू लागला. हा माणूस खराटा घेऊन झाडत होता, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण झाडून झाल्यावर तो काय करीत होता? गाडगेबाबांच्या चरित्राकडे या एका प्रश्नाच्या अंगाने पाहिले, तर आपल्या तळ्यांच्या आणि रानांच्या कामाला उपयोगी पडेल असे बरेच काही हाती लागते.

त्यांचे मूळ नाव डेबुजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. हे गाव आज अंजनगाव सुर्जी तालुक्यात येते. घर परिटाचे. वडील झिंगराजी दारूच्या नादी लागले आणि डेबू आठ वर्षांचा असतानाच गेले. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी आली. माहेर म्हणजे मुर्तिजापूर तालुक्यातले दापुरे. तिथे मामा चंद्रभान यांच्या आसऱ्याने डेबू वाढला.

दापुऱ्याचा मुलूख पूर्णेच्या खोऱ्यातला, म्हणजे खारपाणपट्ट्यातला. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो : अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा पट्टा आहे. जमीन काळी, खोल, कापसाला उत्तम. पण जमिनीखालचे पाणी खारट. विहीर खणली आणि पाणीही लागले, तरी ते पिण्याला किंवा ओलिताला चालेलच याची खात्री नाही. मी बँकेत अधिकारी असताना या भागातले विहिरीचे कर्जप्रकरण टेबलावर आले, की पहिला प्रश्न पाणी किती आहे हा नसे, ते चवीला कसे आहे हा असे. अशा मुलखात पावसाचे गोड पाणी साठवणारे तळे, नदीचा डोह आणि गावाबाहेरचा पाणवठा यांचे मोल काय असते, ते घागर घेऊन चालणाऱ्या बाईला विचारावे.

डेबूने तिथे ढोरे राखली, वखर हाकला, पूर्णेच्या पाण्यात पोहायला शिकला, रात्री भजनात बसला. शाळेचे तोंड काही त्याने पाहिले नाही. १८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झाले. मामाची जमीन याच सुमारास सावकाराच्या घशात गेली. अक्षर न ओळखणाऱ्या कुळाला कागद कसा गिळतो, हे त्याने घरातल्या घरातच पाहिले. सावकाराच्या माणसांपुढे तो शेतात उभा राहिला, डगमगला नाही, हेही चरित्रकारांनी नोंदवले आहे. पुढे कीर्तनातून कर्ज काढून सण साजरे करू नका, पोरांना शाळेत घाला, असे ते हजारो लोकांना सांगत राहिले, त्याचे मूळ या दापुऱ्याच्या शेतात आहे.

पहिल्या मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू आणि मटणाच्या जेवणाची अपेक्षा होती. डेबुजींनी गोड जेवण वाढले. आज ही गोष्ट लहान वाटते. पण ज्याने स्वतःच्या भावकीत असे करून पाहिले आहे, त्याला ती लहान वाटणार नाही. लोकांना सांगायचे ते आधी आपल्या घरात करायचे, हा त्यांचा नियम तेव्हापासूनचा.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. मागे आई, बायको, मुले. कादंबरीकार म्हणून मला ही रात्र फार मोहात पाडते. पण त्या रात्री त्यांच्या मनात काय होते, हे त्यांनी कुठे लिहून ठेवले नाही; लिहिता येतच नव्हते. तेव्हा ती रात्र आपल्या कल्पनेने न रंगवता पुढे जावे हे बरे.

पुढची बारा वर्षे ते अनवाणी फिरले. फुटके गाडगे हेच जेवायचे भांडे आणि तेच ऊन लागले की डोक्यावरचे छप्पर. एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. कोणी त्यांना गोधडेबाबा म्हणे, कोणी चिंधेबाबा. गावात शिरायचे ते वाकून झाडतच. कोणी भाकरी देऊ केली तर आधी काम मागायचे. लाकडे फोडून द्यायची, नाली उपसून द्यायची, मग ओट्याखाली बसून खायचे. संध्याकाळी कीर्तन. सकाळी झाडून स्वच्छ केलेल्या जागेवरच ते उभे राहत. कीर्तनात ते प्रश्न विचारीत आणि लोकांकडूनच उत्तर काढून घेत. नवसाची कोंबडी-बकरी, शिवाशीव, दारू, हुंडा, कर्ज, सगळ्यांचा समाचार लोकांच्याच वऱ्हाडी बोलीत घेतला जाई. पहाट झाली की बाबा पुढच्या गावाच्या रस्त्याला लागलेले असत. पाया पडायला आलेल्यांना सापडायचे नाही, असा त्यांचा जणू पणच होता.

या काळातले एक काम आपल्या विषयाच्या अगदी जवळचे आहे. भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते, माणसे नदीत स्नानाला उतरतात. वऱ्हाडातल्या काळ्या मातीचा ओला काठ म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पाय ठेवला की गेलाच. म्हातारी माणसे आणि कडेवर पोर असलेल्या बाया यांची तिथे काय गत होत असेल याची कल्पना करा. बाबांनी तिथे घाट बांधायचे मनावर घेतले आणि घर सोडल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच तो उभा केला. आधी स्वतः मातीला हात घातला. एका माणसाला राबताना पाहून दुसरा आला, दुसऱ्याला पाहून दहा आले. कोणी अंगमेहनत दिली, कोणी दगड, कोणी पैसा. आज आपण ज्याला श्रमदान म्हणतो, त्याचा वऱ्हाडातला हा एक जुना आणि भक्कम दाखला आहे.

इथवरची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. आपल्या व्याख्यानांतले गाडगेबाबाही साधारण इथेच थांबतात. पण खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे.

खराट्याला एक मर्यादा आहे. बाबांनी सोमवारी झाडलेले गाव पुढच्या सोमवारी पुन्हा घाण होऊ शकते, कारण बाबा तोवर तीन गावे पुढे गेलेले असतात. हे त्यांच्या ध्यानात आले नसेल असे मला वाटत नाही. कारण पहिल्या बारा वर्षांनंतर त्यांच्या कामाचा रोख बदललेला दिसतो. १९१७ च्या सुमारास पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळेचे काम सुरू झाले. पंढरीच्या वारीला येणाऱ्या अस्पृश्य वारकऱ्यांना कोणी ओसरीवर उभे करीत नसे; त्यांच्यासाठी हक्काचे छप्पर झाले. मग नाशिक, देहू, आळंदी, मुर्तिजापूर. धर्मशाळा, सदावर्त, गोरक्षण, विद्यार्थ्यांची वसतिगृहे. मुंबईत इस्पितळांतल्या रोग्यांच्या नातेवाइकांना पाठ टेकायला जागा मिळावी म्हणून धर्मशाळा झाल्या. गावचा गरीब माणूस कर्करोगाच्या उपचाराला मुंबईत जातो, तेव्हा बाबांची धर्मशाळा कुठे आहे हे आजही आधी विचारतो.

अनेक वर्षे हिशेबाच्या वह्या तपासण्यात गेली असल्यामुळे मला या धर्मशाळांच्या भिंतींपेक्षा त्यांच्यामागची व्यवस्था जास्त आकर्षित करते. निरक्षर माणूस, लाखोंच्या देणग्या, आणि अंगावर चिंधीशिवाय काही नाही. इमारत उभी राहिली की ती विश्वस्तांच्या हवाली करायची, चालवण्याची तजवीज लावून द्यायची आणि आपण बाजूला व्हायचे. स्वतःच्या नात्यागोत्यातल्या कोणाचाही तिथे हक्क चालू द्यायचा नाही. कुंताबाईंनी मुर्तिजापुरात झोपडीत दिवस काढले. धर्मशाळेची खोली त्यांना मिळाली नाही. बायको म्हणून त्यांच्या वाट्याला आलेले हे जिणे मला सोसवत नाही, आणि बाबांच्या थोरवीच्या ओघात त्या बाईंचा विसर पडू नये असेही वाटते. पण संस्था घराण्याची होऊ द्यायची नाही हा हट्ट किती पुरा होता, ते यावरून कळते. १९२३ मध्ये एकुलता मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली, तेव्हा बाबा कोकणात कीर्तनाला उभे होते. कीर्तन थांबले नाही.

१९४९ मध्ये पंढरपूरची धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. काम ज्याच्या हाती जास्त चांगले चालेल त्याच्या हाती द्यावे, एवढाच हिशेब. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि विखुरलेल्या संस्थांना एक घर मिळाले. तेव्हा बाबांचे वय पंचाहत्तर होते. आपल्यामागे काय, हा प्रश्न त्यांनी आपल्या हयातीतच सोडवून ठेवला.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. बाबांची प्रकृती त्याआधीच ढासळली होती. नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याला झालेले त्यांचे कीर्तन शेवटचे ठरले. बाबासाहेबांनंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरच्या रात्री, मोटारीने अमरावतीकडे आणत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी त्यांनी प्राण सोडला. पेढी पुढे जाऊन पूर्णेलाच मिळते. ज्या खोऱ्यात वाढले, त्याच खोऱ्यात त्यांनी देह ठेवला. अमरावतीतल्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. गाडगेबाबा आजच्या अर्थाने पर्यावरणवादी नव्हते. त्यांच्या आयुष्याचे मुख्य काम तळी खोदणे किंवा झाडे लावणे हे नव्हते. ते माणसांचे होते. त्यांच्या संस्थांतून जी दहा कलमांची यादी भिंतीवर लावलेली असते, तिच्यात भुकेल्याला अन्न पहिले, तहानलेल्याला पाणी दुसरे, आणि मुक्या जनावरांना अभय हेही एक कलम आहे. तळ्याचा आणि रानाचा संबंध या कलमांतून येतो, आणि मला तो पुरेसा वाटतो. मात्र त्यांच्याकडून आपण खराटा तेवढा उचलला आणि त्यापुढची व्यवस्था मागेच ठेवली. आपले घोडे अडते ते इथेच.

गेल्या काही वर्षांत वऱ्हाडाने श्रमदान भरपूर पाहिले. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा राज्यातल्या तीन तालुक्यांत झाली, त्यांत एक आपला वरूड होता. संत्र्याच्या बागांसाठी बोअर खाली खाली नेत भूजल उपसलेला हा तालुका. तिथे एप्रिल-मेच्या उन्हात माणसे चर खणताना पाहून कोणाचाही ऊर भरून यावा. पुढे अकोल्यातले तालुकेही उतरले. २०१९ पर्यंत चार वर्षे ही स्पर्धा चालली. जानेवारी २०१८ मध्ये अकोला शहरात हजारो नागरिक मोर्णा नदी साफ करायला पाण्यात उतरले. त्या कामाचा उल्लेख पंतप्रधानांच्या आकाशवाणीवरील भाषणातही झाला.

ही कामे खोटी नव्हती. पण पाण्याच्या कामाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. मोर्णेत माजते ती जलकुंभी हवा-पाणी अनुकूल असले तर दोन आठवड्यांत दुप्पट होते. शहराचे सांडपाणी नदीत येत राहील तोवर तिला खत मिळतच राहणार. एका शनिवारी ओढून काढली म्हणून ती जात नाही. तळ्याचेही तेच. पाणलोटातली टेकडी उघडी असेल तर प्रत्येक पावसाळ्यात नवी माती तळ्यात उतरते. आपण खालून टोपल्याने काढतो, वरून निसर्ग ट्रॉलीने भरतो. सांडव्यात झुडपे माजली की पाणी बांधावरून वाहू पाहते. बांधावर बाभळी वाढल्या की मुळांच्या वाटेने पाणी झिरपते आणि एखाद्या अतिवृष्टीत बांधच जातो. यातले एकही काम मोठ्या खर्चाचे नाही. पण ते दरवर्षी करावे लागते आणि त्यासाठी कोणी तरी नेमलेले असावे लागते.

कर्जाच्या अर्जात विहीर खणण्याचा खर्च, इंजिनचा खर्च, पाइपाचा खर्च असे रकाने असत. दुरुस्तीचा रकाना मला कधी दिसला नाही. आपल्या सार्वजनिक कामांच्या अंदाजपत्रकांतही तो क्वचितच दिसतो. पहिल्या दिवसाला पाहुणे असतात, छायाचित्रे असतात. तिसऱ्या वर्षी सांडव्यातले झुडूप उपटणाऱ्याला कोणी हार घालत नाही.

म्हणून मला मेळघाटच्या पायथ्याचे पायविहीर गाव महत्त्वाचे वाटते. अचलपूर तालुक्यातल्या या लहानशा गावाला वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये सुमारे १९० हेक्टर उजाड जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. परतवाड्याच्या ‘खोज’ संस्थेच्या साथीने गावकऱ्यांनी तिथे मृद्-जलसंधारण केले, झाडे लावली, रोजगार हमीतून मजुरी मिळवली. रानातली सीताफळे गावाने स्वतः बाजारात नेली. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने दिला जाणारा भारत जैवविविधता पुरस्कार या गावाला मिळाला. पुरस्कारापेक्षा मोठी गोष्ट ही, की रान कोणाचे, राखायचे कोणी आणि त्यातून आलेला पैसा कोणत्या खात्यात जायचा, हे ग्रामसभेने ठरवले. हक्क कागदावर आहे, जबाबदारी नेमलेली आहे, हिशेब सर्वांपुढे आहे. बाबांनी आपल्या धर्मशाळांना जी घडी घालून दिली, तीच ही घडी. फक्त भिंतींच्या जागी इथे झाडे आहेत.

प्रत्येक गावाला वनहक्क मिळणार नाही, हे खरे. पण तळ्यापुरती एक समिती, एक वही आणि दरवर्षीचा थोडा निधी एवढे कोणत्याही गावाला जमण्यासारखे आहे. समितीत सरपंचाच्या घरचे किंवा देणगीदाराच्या घरचे कोणी नसावे, आणि दर दोन-तीन वर्षांनी माणसे बदलावीत. ज्याच्या शेतात गाळ गेला त्याने वहीत नोंद करून तळ्यासाठी थोडे द्यावे. पाणलोटातल्या टेकडीवर चराई कधी बंद आणि कधी खुली, हे गुराख्यांना सोबत बसवून ठरवावे. त्यांना वगळून केलेला नियम पहिल्याच पावसाळ्यात मोडतो.

बाबांच्या दोन तिथी या कामाला अगदी सोयीच्या आहेत. २० डिसेंबरला, पुण्यतिथीच्या वेळी, पावसाळा संपून तळ्यात पाणी ठरलेले असते. त्या दिवशी पाण्याची पातळी वहीत लिहावी, बांध पायी फिरून पाहावा, झुडपे उपटावीत, सांडवा मोकळा करावा. २३ फेब्रुवारीला, जयंतीच्या वेळी, रानात पानगळ झालेली असते आणि वणव्याचे दिवस तोंडावर असतात. त्या दिवशी जाळरेषा झाडून काढावी आणि उन्हाळ्यात कुठला गाळ कोणाच्या शेतात जाणार ते नक्की करावे. तसबिरीला हार नसला तरी चालेल. त्या वर्षीची वही मात्र सर्वांसमोर वाचून दाखवावी, आणि पुढच्या वर्षी ती कोणाच्या हाती राहील ते नाव तिथेच लिहून टाकावे.